गृहशास्त्र मुलग्यांनाही शिकवा

माननीय शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

अकरावीचे प्रवेश सुरू झाले की कोल्हापुरात एक वाक्य हमखास कानावर पडतं : "पोरीला टक्के कमी पडलेत, गृहशास्त्र घेऊन टाकू." पोराला कमी पडले तर हे कुणी म्हणत नाही. वर्षानुवर्षं हा विषय शिकवलेली बाई म्हणून मी लिहिते आहे. मागणी एकच आहे : आठवी ते दहावी मुलगे-मुली दोघांनाही गृहशास्त्र शिकवा, आणि प्रयोगशाळेत शिकवा.

प्रयोगशाळा कशाला, असं आपल्या खात्यातले साहेब विचारतील. तर हा विषय वाढला तोच प्रयोगशाळेत. एलेन स्वॅलो रिचर्ड्स ही १८७३ मध्ये अमेरिकेच्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेतून पदवी घेणारी पहिली स्त्री. विषय रसायनशास्त्र. १८८७ पासून मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पाण्याची मोठी पाहणी झाली, तेव्हा हजारो नमुने तिच्या देखरेखीखाली तपासले गेले. त्यातली युक्ती आमच्या मुलांनी शिकावी अशी आहे. समुद्राजवळच्या पाण्यात क्लोराइड मुळातच जास्त असतं, आत जावं तसं ते घटत जातं. या नैसर्गिक प्रमाणाच्या रेषा नकाशावर काढल्या गेल्या. मग एखाद्या गावच्या पाण्यात रेषेपेक्षा जास्त क्लोराइड निघालं की संशय घ्यायचा : वस्तीचं सांडपाणी इथं मुरतंय. माणसानं खाल्लेलं मीठ शेवटी सांडपाण्यातच उतरतं ना!

हीच बाई गृहशास्त्रासाठी अमेरिकेत भरलेल्या १८९९ च्या लेक प्लॅसिड परिषदेची अध्यक्ष, आणि त्या परिषदांमधून उभ्या राहिलेल्या अमेरिकन होम इकॉनॉमिक्स असोसिएशनचीही पहिली अध्यक्ष. केक आणि भरतकाम ही या विषयाची ओळख कशी झाली, हे वेगळं रडगाणं आहे. विद्यापीठांचे रसायनशास्त्र विभाग बायकांना नोकरी देत नव्हते, म्हणून हुशार बायका गृहशास्त्राकडे वळवल्या गेल्या आणि मग त्या शिकवतात तो विषय बायकांचाच ठरला.

आपल्याकडे महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, ते जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून. मातृभाषेतून शिक्षण आणि गृहजीवनाशी जोडलेले विषय, अशी त्यांची आखणी होती. त्या काळात मुलगी कॉलेजात पोचावी म्हणून ती वाट काढावी लागली असेल. आज तिचंच कुंपण झालं आहे. पुढे बडोद्याच्या विद्यापीठात हंसाबेन मेहता कुलगुरू असताना गृहविज्ञानाचं, म्हणजे गृहशास्त्राचंच, शिक्षण उभं राहिलं. त्या कामाला १९५० मध्ये फ्लेमी किट्रेल या कृष्णवर्णीय अमेरिकन आहारशास्त्रज्ञ मदतीला आल्या होत्या.

याच हंसाबेनच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं साठच्या दशकात सांगितलं की मुलांचा आणि मुलींचा अभ्यासक्रम वेगळा ठेवू नका. कोठारी शिक्षण आयोगानं १९६६ च्या अहवालात ते उचलून धरलं, गृहविज्ञानाची मुलींवर सक्ती नको असंही म्हटलं. सक्ती गेली, छानच झालं. पण मुलगे वर्गात आलेच नाहीत. त्यांना आणायचं काम आपल्या खात्यानं आजवर मनावर घेतलेलं नाही.

आता कोल्हापूरचं सांगते. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ-करवीरमधल्या घरांत पाणी शिरलं. पूर ओसरल्यावर पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर किती टाकायची, पाण्यातलं क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्टला पाणी पिवळं झालं म्हणजे काय, हे गावातल्या जलसुरक्षकाला ठाऊक असतं. दहावीला विज्ञानात पंच्याण्णव मिळवलेल्या पोराला नसतं. गुळाचंही तेच. पिवळाधमक रवा, म्हणजे गुळाची ढेप, दिसला की गिऱ्हाईक खूश, पण तो रंग गुऱ्हाळात टाकलेल्या हायड्रॉस या रंग उजळवणाऱ्या रासायनिक पावडरीचा असू शकतो. रानभेंडीनं साफ केलेला काळपट गूळ मागे पडतो. गुळाच्या गावातल्या मुलांना हे शाळेत कळू नये?

तिसरी गोष्ट हिशेबाची. मोबाइलचा हप्ता, बचत गटाचं व्याज, विजेच्या बिलातले युनिट. यावर अधिक लिहीत नाही, आपल्या घरीही बिल येत असेल.

पैसा नाही, हे उत्तर कृपा करून देऊ नका. याच गावात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड लावला, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एका वर्गात बसवलं. संस्थानाची तिजोरी किती मोठी असणार! माझी मागणी त्यामानानं किरकोळ आहे. कार्यानुभवाच्या नावाखाली कागदी फुलं करण्यात जाणारे तास द्या. विज्ञानाच्या शिक्षकाबरोबर गृहशास्त्र झालेली शिक्षिका, किंवा शिक्षक, नेमा; पदव्या घेऊन घरी बसलेल्या मुली जिल्ह्यात पुष्कळ आहेत. सुरुवात शिरोळ, हातकणंगले, करवीर या पूर झेललेल्या तालुक्यांपासून करा, म्हणजे पहिल्या पावसाळ्यातच शाळेतली मुलं आपल्या गावचं पाणी तपासू लागतील.

आणि शासन निर्णयाचा मसुदा सहीसाठी येईल तेव्हा त्यात कुठं "फक्त मुलींसाठी" घुसलेलं नाही ना, एवढं आपण स्वतः वाचून पाहावं.

आपली,
गृहशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका
राजारामपुरी, कोल्हापूर