भूक, तहान आणि भिंतीवरचे घड्याळ

पुणे,
मार्चचा दुसरा आठवडा

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्हा दोघांच्या तपासण्यांचे अहवाल मिळाले. बाबांची तीन महिन्यांची सरासरी साखर थोडी वाढली आहे, आईचे वजन उतरले आहे आणि दोघांचेही बी-१२ जीवनसत्त्व खालच्या मर्यादेला टेकले आहे. औषधांबद्दल डॉक्टरांनी जे सांगितले ते तुम्ही पाळालच. मला लिहायचे आहे ते दिवसाच्या आखणीबद्दल. हे फोनवर बोलता येत नाही, कारण आपले फोनवरचे बोलणे ‘जेवण झालं का’ने सुरू होते आणि ‘बरं, ठेवते’ने संपते, मधल्या वेळात कोणाचे लग्न ठरले एवढेच कळते.

वय वाढते तशी तहान उशिरा जाणवते, भूक मंदावते, जिभेची आणि नाकाची धारही कमी होते. तरुणपणी जेवायची वेळ टळली तर पोट आरडाओरडा करते. सत्तरीनंतर ते गप्प बसते आणि माणसाला वाटते की आपल्याला भूकच नाही. म्हणून या वयात खाणे, पिणे आणि झोपणे शरीराच्या मागणीवर सोडून चालत नाही, ते घड्याळावर बांधावे लागते. बाबा, तुम्हीच सांगता की तुमच्या लहानपणी नागपूरच्या महाल भागातल्या घरात घड्याळ नसले तरी कोणाचे अडत नसे, कारण एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर आजीची चूल पेटत असे आणि मुले शाळेला निघत असत. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेल्या त्या गिरणीच्या जागेवर आता मॉल आहे, आणि आपल्या घरात भोंग्याची जागा मोबाइलने घेतली आहे. फरक इतकाच की भोंगा उठवत असे आणि मोबाइल बसवून ठेवतो. आहार, वाचन आणि मोबाइल या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत असे मला वाटते ते यासाठीच. संध्याकाळचे तीन तास मोबाइलच्या हाती गेले की जेवण साडेनऊवर ढकलले जाते, पुस्तक उशाशी तसेच राहते आणि झोप बारापर्यंत येत नाही.

आधी जेवणाचे. आई, तू दोन माणसांसाठी स्वयंपाक करायचा कंटाळा करतेस आणि दुपारी चहा-टोस्टवर भागवतेस, हे तुझ्या वजनाने सांगितले. उतारवयात वजन घटते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि स्नायू गेले की जिना चढणे, तोल सांभाळणे, न्हाणीघरात घसरल्यावर सावरणे हे सगळे अवघड होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. वृद्धांच्या आहाराचे जाणकार त्याहून जास्त, किलोमागे १ ग्रॅम किंवा थोडे वर, असे सांगतात. म्हणजे तुझ्या ५० किलोंना दिवसाकाठी ५० ग्रॅमच्या आसपास. तीस ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळीत साधारण ७ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७ आणि एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने असतात, हा हिशेब केला तर टोस्टवर दुपार काढणे परवडणारे नाही हे तुला पटेल. बाबांच्या मूत्रपिंडाच्या तपासण्या लक्षात घेऊन त्यांचे प्रमाण मात्र डॉक्टरांनाच विचारा.

यासाठी डब्यातली कुठलीही महागडी पावडर आणायची गरज नाही. आपल्याकडचे जेवण मुळातच डाळीच्या पिठावर उभे आहे: झुणका, पाटवडी, गोळाभात, कढीतले गोळे. त्यासोबत ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी असली की आहारतज्ज्ञाने लिहून दिलेल्या तक्त्यापेक्षा ते ताट उणे पडत नाही. जवसात तर वनस्पतींमधून मिळणारे ओमेगा-३ भरपूर असते. बदलायचे ते एवढेच की गोळाभातावर ओतली जाणारी फोडणी पळीभर नको, चमचाभर पुरे, आणि हे सगळे फक्त पाहुणे आल्यावर न करता तुमच्या दोघांसाठीही करायचे. बी-१२ ची गोष्ट वेगळी आहे. ते धान्यात, डाळीत, पालेभाजीत नसते. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातूनच मिळते. वयामुळे जठरातले आम्ल कमी झाले की त्याचे शोषणही घटते आणि बाबांची मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेतल्याने ते आणखी खाली जाऊ शकते. तेव्हा ‘आम्ही इतके चांगले खातो, मग कमी कसे’ असे वाटून घेऊ नका आणि डॉक्टरांनी दिलेली पूरक गोळी ‘उगाच एक जास्तीची’ म्हणून बाजूला ठेवू नका.

मिठाबद्दल मी थोडी कडक होणार आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहूनही कमी, अशी आहे आणि त्यात लोणचे, पापड, सांडगे, फरसाण हे सारे धरलेले आहे. जिभेची धार कमी झाली की ‘आज भाजी अळणी झाली’ असे वाटून वरून मीठ घेतले जाते. ताटात मीठ वाढण्याची पद्धत बंद केली तर निम्मे काम होईल. चव हवी असेल तर लिंबू आहे, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर आहे, भाजलेले तीळ आहेत. जाहिरातीत दिसणारे कमी सोडियमचे मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नका, कारण त्यात पोटॅशियम असते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर किंवा मूत्रपिंड अधू असताना ते धोक्याचे ठरते. बाबांचे सकाळचे फिरणे तर्री पोह्यांच्या गाडीपाशी संपते, हे मला शेजारच्या काकूंकडून कळले आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी अवश्य खा, पण तर्री दुसऱ्यांदा मागू नका.

बाबा, तुम्ही संत्र्यांबद्दल विचारले होते. मृग बहाराची संत्री सध्या बाजारात आहेत, तर एक अख्खे संत्रे सोलून, फोडींसकट खायला हरकत नसावी. रस मात्र नको, कारण पेलाभर रसात तीन-चार संत्र्यांची साखर असते आणि चोथा फेकला जातो. संत्रा बर्फी हे फळ नव्हे, हेही जाता जाता लिहून ठेवते.

आता उन्हाळा तोंडावर आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम आल्याआल्या वाळतो, त्यामुळे अंगातले पाणी किती गेले ते कळतच नाही, आणि तहान तर आधीच मंदावलेली असते. कूलरसमोर बसलेल्या माणसाला आपल्याला पाणी लागत नाही असे ठामपणे वाटते. म्हणून पाण्याच्या वेळा ठरवा: उठल्यावर, न्याहारीनंतर, अकरा वाजता, जेवणाआधी, दुपारी उठल्यावर आणि संध्याकाळी. रात्री उठावे लागू नये म्हणून शेवटचा पेला आठच्या आत घ्या. पन्ह्यातला गूळ बाबांना चालणार नाही आणि ताकातले मीठ आईला, तेव्हा जिरे घातलेले अळणी ताक दोघांनाही बरे. आई, तुझ्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी जास्त करवणारे औषध आहे का, आणि उन्हाळ्यात मात्रा बदलावी लागते का, एवढे डॉक्टरांना एप्रिलच्या आधी विचारून घे.

मोबाइल टाकून द्या असे मी म्हणणार नाही. विजेचे बिल, बँक, नातवंडांचे चेहरे हे सगळे त्यातच आहे. पण सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली जे केले ते मला फार शहाणपणाचे वाटते. तिथे रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो, घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद होतात, आणि साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुले अभ्यास करतात, मोठी माणसे वाचतात, एकमेकांशी बोलतात. कायम बंद नाही, दीड तास बंद. म्हणूनच ते गावाला पाळता आले असावे. आपल्या घरातही सात ते साडेआठ हीच वेळ धरावी, साडेसातला जेवायला बसावे आणि टीव्हीवरची चर्चा तेव्हा बंद असावी अशी माझी विनंती आहे. बाबा, त्या चर्चेत तिसऱ्या मिनिटापासून सगळे एकदम बोलतात. ती चुकली तर देशाचे काही बिघडत नाही, पाहिली तर तुमचा रक्तदाब मात्र नक्की बिघडतो. समोर पडदा असला की घास नीट चावला जात नाही, किती खाल्ले ते कळत नाही, आणि आईशी बोलणे ‘मीठ दे’ एवढ्यावर येते, जे तर आता द्यायचेच नाही. मीही यापुढे त्या वेळात फोन करणार नाही. सहा वाजता करीन.

रात्री मोबाइल बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावावा आणि निजायच्या खोलीत साधे गजराचे घड्याळ ठेवावे. ‘रात्री काही झाले तर?’ ही आईची शंका रास्त आहे. फोनमध्ये अशी सोय असते की बाकी सगळे आवाज बंद राहतात आणि ठरावीक माणसांचा फोन आला तरच घंटी वाजते. माझा, दादाचा आणि मामांचा क्रमांक त्यात घालून देते. नातेवाइकांच्या गटावर पहाटे पाचपासून सुरू होणारी फुलांची सुप्रभाते न्याहारीनंतर पाहिली तरी ती कोमेजत नाहीत.

त्याच गटावर येणाऱ्या आरोग्याच्या सल्ल्यांविषयी मला खरी काळजी वाटते. कारल्याच्या रसाने मधुमेह मुळापासून जातो, गोळ्या बंद करा, असे सांगणारा माणूस तुमची साखर वाढल्यावर दवाखान्यात येत नाही. औषध बदलायचे तर डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. दुसरी काळजी फसवणुकीची आहे. पोलीस किंवा तपास अधिकारी असल्याचे सांगून कोणी व्हिडिओवर ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असे म्हणाले तर लगेच फोन ठेवा; तसली अटक आपल्या कायद्यात नाहीच. पैसे गेलेच तर क्षणभरही संकोच न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा, कारण जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थोपवली जाण्याची शक्यता जास्त. या लोकांची सगळी भिस्त माणूस एकटा आणि घाबरलेला असण्यावर असते. फोन ठेवून आईला हाक मारलीत तरी त्यांचा डाव मोडतो.

वाचनाबद्दल तुम्हाला मी काय सांगणार! या घरात वाचायला आम्हाला तुम्हीच लावले. तरीही एक निरीक्षण लिहिते. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, दिवाळी अंकाला मलपृष्ठ असते. ते आले की माणूस चष्मा काढून उठतो. मोबाइलवरच्या चित्रफितींना शेवटचे पानच ठेवलेले नाही, आणि ते मुद्दाम ठेवलेले नाही, त्यामुळे उठायचे कधी हे तिथे कोणी सांगत नाही. ‘वाचून डोळे दुखतात, म्हणून मोबाइल बघतो’ असे बाबा म्हणतात, तेव्हा दोष पुस्तकाचा नसून उजेडाचा आणि मोतीबिंदूचा आहे. वयस्क डोळ्याला तरुण डोळ्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो. बैठकीतला छतावरचा एक दिवा त्याला पुरत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दोन वर्षे ‘पुढच्या थंडीत’ ढकलली आहे, ती आता करून घ्या. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशावरच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोग्या चौदा कारणांची यादी दिली, त्यात उपचार न केलेली अधू दृष्टी पहिल्यांदाच आली. ऐकू कमी येणे आणि एकटेपणा त्यात आधीपासूनच होते. वाचल्याने विसराळूपणा हमखास टळतो असे मी म्हणणार नाही, पण दिसणे, ऐकणे आणि माणसांत असणे यांची काळजी घ्यायला आपल्या हातात पुष्कळ आहे.

म्हणून वाचन दोघांनी मिळून करावे असे सुचवते. साडेआठपर्यंतच्या उरलेल्या वेळात आईने मोठ्याने वाचावे आणि बाबांनी ऐकावे. बाबांच्या डोळ्यांना विश्रांती मिळेल, आणि कानाचे यंत्र कपाटात न राहता कानात राहील. आई, पोथी वाचताना तुझा आवाज किती स्वच्छ लागतो हे तुला ठाऊक नाही. पुस्तके विकत घेऊन साठवू नका, वाचनालयातून आणा. पुस्तक परत करायची तारीख असली की वाचून होते, आणि बदलायला जाताना चार माणसे भेटतात. १९२३ साली स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघात सीताबर्डीला कार्यक्रम असतात, संध्याकाळी ऊन उतरल्यावर तिकडेही जाता येईल. मेट्रोने झाशी राणी चौकात उतरलात की ते जवळच आहे, रिक्षावाल्याशी घासाघीस करायला नको.

हे सगळे एकदम सुरू करू नका. पहिले पंधरा दिवस फक्त साडेसातचे जेवण आणि बंद टीव्ही एवढेच सांभाळा. पाण्याच्या वेळा एप्रिल लागताच धरा. मी अक्षय्य तृतीयेला येते आहे. येताना टेबलावरचा मोठा दिवा आणि गजराचे घड्याळ आणीन, डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ त्याच आठवड्यातली घेऊन ठेवा. बाबा, बाकरवडी आणणार नाही, तेव्हा मागू नका.

तुमची लेक