भिगवणच्या मावशींना, आमच्या पक्षी मंडळातल्या बायकांकडून

मावशी,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाताळच्या सुट्टीत आमचं पक्षी मंडळ भिगवणला आलं होतं, त्यातल्या आम्हा बायकांच्या वतीनं हे पत्र. तुमचा नातू वाचून दाखवील.

पक्षी बघायला जाणाऱ्या बायकांची एक गोष्ट कुणी बोलत नाही. आदल्या रात्रीपासून आम्ही पाणी प्यायचं बंद करतो. गाडी अंधारात निघते, उजाडायच्या आत पाण्यावर पोचायचं असतं आणि मग ऊन चढेपर्यंत उघडा काठ नाहीतर नाव. पुरुष मंडळी एखाद्या बाभळीमागे जाऊन दोन मिनिटांत परत येतात. आम्ही डोळ्याला दुर्बीण लावून मनात वेळेचा हिशेब करत बसतो. सहलीच्या सूचनांमध्ये टोपी, मळकट रंगाचे कपडे, जादा बॅटरी सगळं असतं, हे नसतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "जरा कळ काढा."

कळ आम्ही याही वेळी काढली. हायवेवरच्या एका हॉटेलात आधी ऑर्डर द्या म्हणाले. ऑर्डर दिली, तर किल्ली सापडेना. पुढच्या ठिकाणी दार उघडलं, ते न उघडतं तर बरं झालं असतं. तशाच नावेत बसलो. उजनी धरणाचं पाणी अजून भरपूर होतं. थापट्या बदकांचा घोळका पाण्यात चोची खुपसून गोल गोल फिरत होता. नावाडीदादा सांगत होते, पाणी उतरून चिखल उघडा पडला की रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात, अजून अवकाश आहे. सगळे ऐकत होते. माझं लक्ष काठाकडे.

नाव काठाला लागली तेव्हा तुम्ही चहाची किटली घेऊन उभ्या होतात. ती ओट्यावर ठेवलीत आणि हलक्या आवाजात म्हणालात, "पोरींनो, आधी मोकळ्या होऊन या. चहा कुठं पळत न्हाई."

आमच्यातली सगळ्यात मोठी पोरगी अडुसष्ट वर्षांची आहे. ती अजून हे वाक्य सगळ्यांना सांगत फिरते.

घरामागे दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या, एकीतून वाफ येत होती. साबणाची वडी नवी, कोपऱ्याला कागदाचा कपटा चिकटलेला. खिळ्याला धुतलेला पंचा. दाराची कडी मोडलेली, म्हणून शेवटची बाई बाहेर येईपर्यंत तुम्ही दाराला पाठ लावून उभ्या राहिलात आणि मागे मागे येणाऱ्या नातवाला शेळीला पाला टाकायला पिटाळलंत. एकीची अडचण होती. ती तुम्हाला कशी कळली कोण जाणे, पण तिच्या हातात जुना पेपर आणि काळी पिशवी न बोलता ठेवलीत.

परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात आलं, बादलीभर पाणी चुलीवर तापायला वेळ लागतो. म्हणजे आम्ही नावेत होतो तेव्हाच तुम्ही चूल पेटवली होती. गाडीतून उतरताना आमचे चेहरे बघितले असतील, बस. शेजारी बसलेलीला हे सांगायला गेले आणि आवाजच फुटेना.

त्यानंतर आम्ही पोटभर चहा प्यायलो, वर पाणीही, आणि पुन्हा नावेत बसलो. कितीतरी दिवसांनी मी घाई न करता पक्षी बघितले. पट्टकादंब काठावर गवत खुडत होते, पांढऱ्या डोक्यावरचे ते दोन काळे पट्टे अगदी स्वच्छ दिसत होते. हिमालय ओलांडून आलेला पाहुणा इतका निवांत चरतो, हे मी आधीही पाहिलं असणार, पण तेव्हा घड्याळ जास्त बघितलं असेल.

नातू बोलता बोलता म्हणाला की तुमचं जुनं घर धरणात गेलं. उजनी १९८० साली पुरं झालं, तेव्हा तुम्ही नव्या नवरी असाल. ज्या पाण्यात तुमचं अंगण बुडालं, त्याच्या काठावर आम्ही शहरातून येऊन "काय सुंदर!" म्हणतो, फोटो काढतो आणि जातो. तुम्ही मात्र आल्यागेल्या बायकांसाठी पाणी तापवता. असं वागायला शिकवणारी शाळा कुठे असेल तर आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीला तिथे घालायला हवं. पैसे देऊ लागलो तर तुम्ही फक्त चहाचे घेतलेत आणि बाकीच्याचं नाव काढलं तर रागावलात. म्हणून हे पत्र.

मंडळाच्या बैठकीत आम्ही विषय काढलाय. यापुढे सहलीची जागा ठरवताना पहिला प्रश्न हा, पक्ष्यांची यादी नंतर. दोघातिघांनी नाकं मुरडली, मुरडोत.

पाणी उतरून रोहित आले की नातवाला फोन करायला सांगा. येताना दाराची कडी आणि ती बसवणारा माणूस दोन्ही आणतो, नको म्हणू नका.

तुमच्या,
पक्षी मंडळातल्या पोरी