बंद की बंध?

महोदय,

लेखिका झुंपा लाहिरी यांच्या एका जाहीर मुलाखतीचे ध्वनिमुद्रण नातीने परवा ऐकवले. दोमेनिको स्तार्नोने यांच्या ‘लाच्ची’ या इटालियन कादंबरीचा लाहिरींनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१७ मध्ये आला. तिथे तिचे नाव झाले ‘टाइज’.

‘लाच्ची’ म्हणजे बुटाच्या नाड्या आणि माणसाला जखडणारे पाशही. इंग्रजीत पाश आत आले, बूट दाराबाहेरच राहिले! गोष्टीत तर नाड्यांना मोठे काम आहे. घर सोडून गेलेला बाप नाडी बांधतो एका विचित्र पद्धतीने, आणि मुलगाही अगदी तशीच.

मी साताऱ्यात चाळीस वर्षे शिंपीकाम केले, नाटकवाल्यांच्या बाराबंद्याही (बटणांऐवजी कापडी बंदांनी बांधायचे जुने अंगरखे) शिवल्या. ऐन प्रवेशाआधी बंद तुटला की नटाचा चेहरा कसा होतो, ते पाहिले आहे. (त्या वेळी सुई माझ्या हातात आणि शिव्या त्याच्या तोंडात.) आमच्या भाषेत ‘बंद’ आणि ‘बंध’ यांत अंतर एका श्वासाचे. मराठीत हे नाव किती सहज बसेल! ‘बंद’ म्हटल्यावर लोकांना आधी दुकाने बंद आठवतील, ही अडचण आहेच.

नात म्हणते, ही कादंबरी मराठीत आलीच तर इंग्रजीवरूनच येईल. तसे झाले तर अनुवादकाने निदान नाव ठरवताना तरी मूळ इटालियन शब्द समोर ठेवावा, एवढी विनंती.

– एक निवृत्त शिंपी, सातारा