फ्रेंचला मार्क पडतात, तोंड उघडत नाही

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

अकरावीची अ‍ॅडमिशन सुरू झाली की आमच्या कोथरूडात घरोघरी एकच चर्चा, मराठी घ्यायचं का फ्रेंच, आणि उत्तर ठरलेलं, फ्रेंच घे, स्कोअरिंग असतं. आम्हीही तेच केलं, खोटं कशाला बोलू. लेकीला बारावीला ब्याण्णव पडले, पेढे वाटले. तोंडी परीक्षा कॉलेजात पाच मिनिटात उरकली होती, नाव सांग, आवडता खेळ सांग, झालं.

तिला मात्र खरंच गोडी लागली, मग बीए, पुण्यातल्याच रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंचचा कोर्स, आणि आता पाँडिचेरी युनिव्हर्सिटीत एमए फ्रेंच करतेय. कॅम्पस गावाबाहेर कालापेटला, अगदी समुद्राला लागून. गाव १९५४ पर्यंत फ्रेंचांकडे होतं (कागदोपत्री तर १९६२ ला आपल्याकडे आलं), त्यामुळे जुन्या भागात रस्त्यांच्या पाट्या अजून फ्रेंच आणि तमिळमध्ये. पण पहिल्याच आठवड्यात पोरगी फोनवर रडली. म्हणे बाबा, लिहिता सगळं येतं पण मॅडम काय बोलतात तेच कळत नाही, शब्दातली शेवटची अक्षरं निम्मी गिळतात. नव्याण्णवला चार-वीस-दहा-नऊ म्हणतात हे तिला पाठ होतं हो, पण समोरचा भरभर बोलला की हा हिशोब लागेपर्यंत तो पुढच्या वाक्यावर गेलेला. आणि चंद्र तिकडे बाई आहे, ला ल्यून! सूर्य मात्र आपल्यासारखाच बुवा. खरं तर आपल्याकडे तीन लिंगं, त्यांच्यासारखा तू-तुम्हीचा फरक पण आहेच, म्हणजे मराठी पोरांना हे जड जायला नको असं माझं मत, पण त्यांना बोलायला लावतंय कोण?

फ्रेंच सरकारची ती देल्फ परीक्षा असते ना, त्यात बोलण्याला शंभरातले २५ मार्क, आणि तिथे पाचच्या खाली गेलात तर बाकी कितीही मिळवा, नापास. आपल्या बोर्डानेही तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक पाठवावा आणि त्यात वेगळं पासिंग ठेवावं, एवढंच म्हणणं आहे.

परवा पुतण्या आला होता, यंदा बारावीला, फ्रेंचच. लेकीने व्हिडिओ कॉलवर त्याला फ्रेंचमध्ये विचारलं, काल काय केलंस? बराच वेळ विचार करून म्हणतो, ताई, लिहून दाखवू का?

आपला,
एक पालक, कोथरूड, पुणे