खिळा वर राहिला म्हणून दाब वाढवू नका

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

हवेवर चालणाऱ्या नेल गनने मारलेल्या खिळ्याचे डोके दोन-तीन मिलिमीटर वर राहिले, की कारागिराचा हात आधी रेग्युलेटरकडे, म्हणजे हवेचा दाब कमी-जास्त करणाऱ्या चावीकडे जातो. ही सवय सुटावी म्हणून हे पत्र. दाब चढवल्यावर खिळा कधी बसतोही. पण पिस्टनचा धक्का झेलणारा आतला रबरी बंपर ते ठोके फार दिवस सोसत नाही. आणि गनवर छापलेल्या कमाल दाबाच्या (पीएसआय) पुढे जाणे म्हणजे जिवाशी खेळ.

आधी एक साधी परीक्षा करावी. त्याच लाकडात लागोपाठ पाच-सहा खिळे मारा. पहिले दोन नीट बसून पुढचे वर राहू लागले, तर गनला हवा कमी पडते आहे. पहिलाच वर राहिला, तर दोष सेटिंगमध्ये किंवा गनच्या पोटात आहे.

हवेचा गोंधळ बहुधा नळीत असतो. कॉम्प्रेसरवरचा काटा 90 पीएसआय दाखवतो, पण तो थांबलेल्या हवेचा दाब. पाव इंची लांबलचक नळीतून मोठ्या फ्रेमिंग गनपर्यंत हवा वेळेत पोहोचत नाही. तिथे 3/8 इंची नळी हवी, तीही कामापुरतीच लांब. नळी गनला जोडते तिथे दाब दाखवणारे छोटे गेज लावून ट्रिगर दाबताना काटा किती खाली येतो ते पाहावे. कपलरवर, म्हणजे नळीच्या जोडावर, साबणाचे पाणी लावले की गळती बुडबुड्यांनी लगेच कळते. टाकीत साठलेले पाणी रोज काढावे.

गन उघडण्याआधी हवेची नळी काढा, खिळे बाहेर घ्या. यात सूट नाही. वर राहिलेला खिळा उजेडात धरून पाहिला तर पुष्कळ कळते. डोक्याच्या एकाच कडेला चंद्रकोरीसारखा ठसा असेल, तर खिळ्याला ठोकणाऱ्या पट्टीचे, म्हणजे ड्रायव्हर ब्लेडचे टोक झिजले किंवा तुटले आहे. असे ब्लेड बदलावेच लागते. ट्रिगर न दाबता एक्झॉस्टमधून (वापरलेली हवा बाहेर पडण्याच्या भोकातून) हवा सुटत असेल, तर वरच्या व्हॉल्व्हच्या ओ-रिंग, म्हणजे रबरी कड्या, तपासा. ट्रिगरपाशी सुटत असेल, तर ट्रिगर व्हॉल्व्ह. पिस्टनची ओ-रिंग कोरडी पडली, की फटक्यातला जोर गळतो. ज्या गनला तेल लागते तिच्या हवेच्या तोंडात कामाआधी न्यूमॅटिक टूल ऑइलचे दोन-तीन थेंब पुरतात. इंजिन ऑइल घालू नये, त्यातल्या रसायनांनी रबर खराब होऊ शकते. बंपरचा तुकडा पिस्टनखाली अडकला, तर फटका अर्ध्यातच संपतो.

गनचे तोंड लाकडावर घट्ट दाबले नाही, तर गन उसळते आणि खिळा वर राहतो. खिळा किती खोल जावा हे ठरवणारे चाकही एकदा पाहावे.

वर राहिलेला खिळा हातोडीनेच बसवा. त्यावर दुसरा मारू नका. तो पहिल्यावर आपटून कुठेही उडू शकतो, आणि डोळ्यांवर सुरक्षा चष्मा नसेल तर सरळ डोळ्यात जाऊ शकतो.

आपला,
एक वाचक