नेट चालतंय हो, पण घरातले दोन कॉम्प्युटर एकमेकांना दिसत नाहीयेत

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: तुमच्या राउटरवर वायफायवरची मशीन्स एकमेकांशी बोलत नाहीत, आणि तुम्ही तक्रार न बघताच बंद करताय

नमस्कार,

आधीच सांगते, नेट बंद नाहीये आणि स्पीडही कमी नाहीये. हे पहिल्याच ओळीत लिहावं लागतंय, कारण तुमच्याकडून जो मुलगा येतो तो दारातच मोबाइल काढून स्पीड टेस्ट लावतो, "मॅडम बघा, फुल्ल येतंय" म्हणतो आणि तो जिना उतरायच्या आत मला तक्रार सोडवल्याचा मेसेज येतो. स्पीडची तक्रार मी केलीच कधी?

मी आणि माझी धाकटी जाऊ कर्वेनगरला घरूनच दुकानदारांचे हिशेब बघतो, तुळशीबाग, लक्ष्मी रोड, मंडईच्या आसपासची दुकानं आहेत आमच्याकडे. टॅलीचा सगळा डेटा आतल्या खोलीत डेस्कटॉपवर, तो फोल्डर शेअर केलेला, आणि ती हॉलमध्ये लॅपटॉपवर बसून तोच डेटा उघडून बिलं टाकते. जुना राउटर होता तोवर हे बिनबोभाट चालू होतं. तुम्ही अपग्रेड म्हणून तो काढून नेलात, फायबरचा नवा ड्युअल बँडवाला लावलात, आणि तेव्हापासून लॅपटॉपला डेस्कटॉप दिसतच नाही. दोन्हीवर यूट्यूब चालतं, बँकेची साइट चालते, जीएसटीचं पोर्टल उघडतं (म्हणजे ते जेवढं उघडतं तेवढं), फक्त एकमेकांकडे बघायला तयार नाहीत.

कॉल सेंटरवर उत्तर ठरलेलं, विंडोजचा प्रॉब्लेम आहे, फायरवॉल बंद करा. म्हणून आम्ही काय काय बघितलंय ते नीट लिहिते, म्हणजे परत पहिल्यापासून नको.

दोन्हीवर ipconfig ही कमांड चालवून आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, बघितले, डेस्कटॉपला १९२.१६८.१.५, लॅपटॉपला १९२.१६८.१.८, सबनेट मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०, गेटवे (म्हणजे तुमचा राउटर) १९२.१६८.१.१. पहिले तीन आकडे सारखे, म्हणजे एकाच नेटवर्कवर आहेत. गेस्ट वायफायवर नाहीत. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर ठेवून बघितले, दोन्ही ५ च्या बँडवर ठेवून बघितले. नेटवर्क पब्लिकचं प्रायव्हेट केलं, फाइल शेअरिंग चालू आहे, फायरवॉलसुद्धा थोडा वेळ पूर्ण बंद करून झाली. राउटरला पिंग (म्हणजे "आहेस का?" अशी विचारणा) जातो दोन्हीकडून, एकमेकांना नाही.

आणि इथे तुमच्या टेक्निकल माणसाने जरा थांबून वाचावं. लॅपटॉपवरून डेस्कटॉपला पिंग केला की 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येत नाही, 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' येतं, आणि ते उत्तर लॅपटॉपच्या स्वतःच्याच आयपीवरून येतं. समोरची फायरवॉल अडवत असती तर बहुतेक वेळा टाइम आउट आला असता. अनरीचेबल म्हणजे १९२.१६८.१.५ हा कोण आहे अशी लॅपटॉपने मारलेली हाक डेस्कटॉपपर्यंत पोचलेलीच नाही, किंवा तिचं उत्तर परत आलेलं नाही. एआरपीच्या यादीतसुद्धा, म्हणजे अशा हाकेला कोणी कोणी उत्तर दिलं त्या नोंदीत, राउटर दिसतो, डेस्कटॉप दिसत नाही. मग हाक अडवतंय कोण, मधे तर फक्त तुमचा राउटर आहे.

तरी खात्री म्हणून दोन्ही मशीन्स माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडली. तेच विंडोज, तेच वायफाय कार्ड, तीच फायरवॉल, आणि फोल्डर फटकन उघडला. मग डेस्कटॉपचा अख्खा सीपीयू उचलून हॉलमध्ये आणला, दोन्ही लॅन केबलने तुमच्याच राउटरला लावले, तरी उघडला. एक केबलवर आणि एक वायफायवर केलं की परत बंद. म्हणजे वायफायवर येणाऱ्याला फक्त इंटरनेट द्यायचं, घरातल्या बाकी कोणाकडे जाऊ द्यायचं नाही अशी सेटिंग तुमच्या राउटरमध्ये चालू आहे, ज्याला एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन म्हणतात. हॉटेलात, कॅफेत ती हवीच, तिथे अनोळखी लोक एकाच वायफायवर असतात. आमच्या घरात अनोळखी कोण आहे? वायफायचा प्रिंटरही त्याच दिवसापासून सापडत नाही, त्यावर मला प्रिंटर कंपनीला फोन करायला सांगण्यात आलं.

ती सेटिंग मीच बंद केली असती, पण राउटरच्या मागच्या स्टिकरवरच्या लॉगिनने आत गेलं की फक्त वायफायचं नाव आणि पासवर्ड बदलता येतो, बाकीचं पान दिसतच नाही. ॲडमिन पासवर्ड तुमच्याकडे. तो मागितला तर एकाने सांगितलं बिझनेस प्लॅन घ्या, दुसऱ्याने सांगितलं पिन टोचून रिसेट मारा. रिसेट मारून राउटरमधलं नेट जोडणारं तुमचं पीपीपीओई लॉगिन उडालं तर नेटही गेलं, मग ते परत टाकायला कोण येणार आणि कधी, हे विचारलं तर फोनवर नुसती शांतता. आणि बिझनेस प्लॅन कशाला घ्यायचा? हॉलमधून आतल्या खोलीत फाइल जाते ती तुमच्या इंटरनेटवरून जातच नाही, फायबरची केबल काढून ठेवली तरी ती जायला पाहिजे.

यात आमचं काय होतंय तेही ऐका. डेटा पेनड्राइव्हवर इकडून तिकडे चाललाय. एका दुकानाचे दोन डेटा तयार झाले, लॅपटॉपवर टाकलेली बिलं डेस्कटॉपच्या कॉपीत नाहीत, तिथल्या एंट्र्या इकडे नाहीत, आणि जीएसटीच्या मासिक रिटर्नची, जीएसटीआर ३बी ची, २० तारीख तोंडावर. दोघींनी रात्र जागून एकेक बिल ताडून बघितलं. उशीर झाला तर लेट फी दुकानदाराला लागते, आणि तो तुम्हाला नाही, मला फोन करतो.

तर मला हवंय ते एवढंच: आयसोलेशन बंद करा, तुम्हाला ते ऑफिसमधून रिमोटनेही जमायला हवं. ते जमत नसेल तर ॲडमिन लॉगिन द्या, किंवा तुमचं डबडं ब्रिज मोडवर टाका, म्हणजे ते नुसतं नेट पुढे देईल, मी माझा राउटर आणते. आणि या वेळी डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) द्या, दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांत तो द्यायचाच आहे, आणि मी हो म्हणेपर्यंत तक्रार बंद करू नका. नाही झालं तर तुमच्या अपील अथॉरिटीकडे जाईन आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवीन, पिंगचे सगळे स्क्रीनशॉट काढून ठेवलेत.

माणूस पाठवणार असाल तर संध्याकाळी पाचनंतर पाठवा, आणि ज्याच्याकडे ॲडमिन पासवर्ड आहे असाच पाठवा.

आपली,
एक ग्राहक, कर्वेनगर, पुणे