तक्रार: सौर झटका मशीनमधला जळालेला रेझिस्टर आणि नाकारलेली वॉरंटी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्याचा शेतकरी. गेल्या ऑक्टोबरात तुमच्या कंपनीची सौर झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारी मशीन, साडेअकरा हजारांना घेतली. आमचं वावर जंगलाला लागून आहे. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) यांच्यापायी पूर्वी रात्र रात्र जागल करावी लागायची. मशीन लागली आणि हिवाळाभर घरी झोपता आलं, हे मी मोकळेपणानं सांगतो.

मे महिन्यात उन्हाळी भुईमूग काढणीला आला होता. घरात लग्न असल्यानं दोन दिवस वावरात कोणी गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी धुऱ्यावर पोहोचलो तर मशीनची सेकंदासेकंदाची टकटक बंद, आणि अर्धा एकर भुईमूग डुकरांनी मुळासकट उकरून टाकलेला.

तुमच्या सर्व्हिस सेंटरनं मशीन दहा दिवस ठेवून घेतली आणि शेरा मारून परत दिली: ‘अति उष्णतेमुळे बिघाड, ग्राहकाचा निष्काळजीपणा, वॉरंटी लागू नाही.’ माझी तक्रार या शेऱ्याविरुद्ध आहे. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड केला आहे, म्हणून झाकण स्वतः उघडून पाहिलं.

आत जळक्या वार्निशचा वास होता. गव्हाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर, म्हणजे विजेचा प्रवाह अडवणारा भाग, बोर्डाला पोट टेकवून बसवलेला, रंगपट्टे काळे पडलेले, खालचा बोर्ड करपलेला, आणि पायाशी सोल्डरला बारीक गोल भेग. शेजारच्या शेतकऱ्याकडे हेच मॉडेल आहे. त्याच्या मशीनमध्ये त्याच जागी लाल, लाल, तपकिरी, सोनेरी पट्टे दिसले, म्हणजे २२० ओहम; आकारावरून पाव वॅटचा, म्हणजे तेवढीच उष्णता सोसणारा. बॅटरीचा दाब उतरवून पुढच्या चिपला ५ व्होल्ट द्यायचे, एवढंच त्याचं काम.

आता हिशेब पाहा. बॅटरी १२ व्होल्टवर असते तेव्हा रेझिस्टरवर ७ व्होल्ट पडतात. ७ चा वर्ग भागिले २२०, म्हणजे ०.२२ वॅट. पाव वॅटच्या जेमतेम आत. पण भर उन्हात पॅनल बॅटरी चार्ज करतं तेव्हा तीच बॅटरी १४.४ व्होल्टवर जाते, हे मी शेजाऱ्याच्या मशीनवर मोजलं. मग रेझिस्टरवर ९.४ व्होल्ट पडतात आणि ०.४० वॅट उष्णता तयार होते. व्होल्टेज दीडपटसुद्धा वाढलं नाही, उष्णता मात्र जवळपास दुप्पट झाली, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जूल या शास्त्रज्ञानं हा नियम १८४१ मध्ये मांडला आणि तो आयटीआयच्या पहिल्या वर्षालाच शिकवतात. तुमच्या डिझाइन विभागाला तो माहीत नसेल असं मी मानत नाही.

रेझिस्टर गरम होणारच. इलेक्ट्रॉन धातूच्या किंवा कार्बनच्या अणूंना धडकत पुढे सरकतात आणि त्या धडकांत विजेची ऊर्जा उष्णता होते. प्रश्न असतो ती उष्णता बाहेर कशी काढायची याचा. थोडी पायांच्या तारांतून बोर्डाच्या तांब्यात उतरते, थोडी भोवतालची हवा घेऊन जाते, थोडी किरणांनी जाते. तुमची पेटी चहूबाजूंनी बंद आहे. पावसासाठी ती तशी असावी, मान्य. पण मग आतली हवा तीच तीच तापत राहते. पॅनलची सावली दुपारनंतर पेटीवरून सरकते. ३ वाजता मी मल्टिमीटरची तापमानाची वायर शेजाऱ्याच्या पेटीत सोडली, तेव्हा ६४ डिग्री होतं. कार्बन फिल्म रेझिस्टरची पूर्ण क्षमता साधारण ७० डिग्रीपर्यंतच धरतात, त्यापुढे ती उतरत जाते. म्हणजे जेव्हा भार सगळ्यात जास्त, तेव्हाच हवा सगळ्यात गरम. शेजारचा कॅपॅसिटरही (वीज साठवणारा भाग) ८५ डिग्रीपर्यंतचाच आहे, त्याचं आयुष्यही या गरमीत झपाट्यानं घटत असणार.

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हे तुम्हाला आमच्याकडे माल विकण्याआधी ठाऊक होतं. मशीन उघड्या वावरात, पॅनलखाली बसवा, असं तुमच्याच माहितीपत्रकात छापलंय. तसंच केलं. यात माझा निष्काळजीपणा कुठं आला?

वॉरंटी नाकारल्यावर मी १ वॅटचा २२० ओहमचा रेझिस्टर आणला आणि बोर्डापासून ५ मिलिमीटर उंच उभा करून लावला. खर्च दोन-तीन रुपये. त्यानंतर मशीन रोज चालू आहे.

माझी मागणी अशी: शेरा लेखी मागे घ्या, बोर्ड बदलून द्या, भुईमुगाची भरपाई द्या, आणि या मॉडेलच्या सगळ्या ग्राहकांचे बोर्ड पुढच्या उन्हाळ्याआधी दुरुस्त करा. शेजाऱ्याच्या बोर्डावर रेझिस्टरखाली पिवळा डाग धरलाच आहे. ३० दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

जळालेला रेझिस्टर डबीत जपून ठेवला आहे. तुमचा इंजिनियर वावरात आला तर त्याच्यासमोर पेटी उघडून दाखवीन. दुपारी ३ वाजता पाठवा.

आपला ग्राहक,
एक शेतकरी, ता. केळापूर, जि. यवतमाळ